फोनवर मराठी लिहिताय? या चुका टाळा

इंदुरात आमच्या कॉलनीतल्या गणपती मंदिराच्या ओसरीवर दर रविवारी सकाळी मी ज्येष्ठ मंडळींना फोनवर टाइप करायला शिकवते. त्याआधीची जवळजवळ तीस वर्षं हिंदी टाइपरायटरवर गेली, त्यामुळे बोटांच्या सवयी काय असतात आणि त्या किती चिवट असतात हे मला चांगलं माहीत आहे. पाच वर्षांत शंभरावर माणसं येऊन गेली असतील, आणि सगळ्यांच्या चुका त्याच त्या. आता त्या तोंडी सांगायचा कंटाळा आला आहे, म्हणून इथे लिहून काढते.

हिंदी कीबोर्डावर मराठी लिहू नका

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. जेल रोडवरच्या दुकानातून नवा फोन घरी येतो. दुकानातला मुलगा त्यात इंग्रजी आणि हिंदी लावून देतो. पडद्यावर क, ख, ग दिसले की आपल्या लोकांना वाटतं, झालं, यातच मराठीही लिहिता येईल. अक्षरं येतात, ते खरंच आहे. पण कीबोर्ड म्हणजे नुसती अक्षरं नव्हेत. त्याच्या मागे एक शब्दकोश असतो आणि तो हिंदी असतो. तुम्ही 'नाही' लिहिता, तो 'नहीं' करतो. 'वहिनी'ची 'वाहिनी' होते, 'मला'चं 'माला'. आणि ळ? तो हिंदी कीबोर्डावर सहसा समोर नसतोच. ल दाबून धरला तर वर उघडणाऱ्या छोट्या चौकोनात सापडतो. हे ठाऊक नसलेली माणसं सरळ ल वापरून मोकळी होतात. मग वेळेची वेल होते आणि बाळाचं बाल.

यात काय बिघडलं, समजून घेतात लोक, असं मला पुष्कळजण सांगतात. त्यांना मी मामांची गोष्ट सांगते.

माझ्या मामीचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. संध्याकाळी ती शुद्धीवर आली, बोलायला लागली. मामांनी पुण्याला लेकीला मेसेज केला: 'तब्येत बरी आहे, काळजी नको.' मामांच्या बोटांनी हेच लिहिलं होतं. त्यांना ळ सापडला नाही म्हणून 'कालजी' लिहिलं, एवढाच काय तो फरक. प्रत्येक शब्दानंतर ते स्पेस देत गेले आणि प्रत्येक स्पेसला फोन त्यांचा शब्द बदलत गेला. पुण्याला पोचलं ते असं: 'तबियत बुरी है काल जी उनको'.

हिंदीत काल म्हणजे मृत्यू. माझ्या मामेबहिणीने तो मेसेज रात्री साडेनऊला वाचला. मामांना सात-आठ फोन केले, पण दवाखान्यात म्हणून त्यांनी फोन गप्प करून ठेवला होता. तीन वर्षांच्या मुलाला उचलून ती मिळेल त्या बसने निघाली. रात्रभर बसमध्ये काय काय तिच्या मनात आलं असेल, ते तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सकाळी ती वॉर्डात शिरली तेव्हा मामी मऊ भात खात होती. मामा फोन हातात धरून एकच वाक्य म्हणत होते, "मी 'बरी'च लिहिलं होतं गं." मी तिथेच उभी होते. मामांनी खरंच 'बरी'च लिहिलं होतं. त्यांची चूक एवढीच, की पाठवण्याआधी त्यांनी वर पाहिलं नाही.

उपाय दोन मिनिटांचा आहे. अँड्रॉइड फोनवर जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, असेल तर स्पेसबार दाबून धरा. भाषांची यादी उघडेल, तिथून सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडा. आयफोनवर पृथ्वीच्या गोळ्याचं बटण दाबून धरलं की कीबोर्डची सेटिंग मिळते. हिंदी काढून टाका असं मी सांगत नाही. इंदुरात राहायचं तर दूधवाल्यापासून बँकेपर्यंत हिंदी लागतेच. पण दोन्ही भाषा ठेवल्या की स्पेसबारवर भाषेचं नाव दिसतं. ते वाचल्याशिवाय पहिलं अक्षर लिहायचं नाही, हा माझ्या वर्गातला पक्का नियम आहे.

आणि ऑटो करेक्शन बंद करा. अगदी बंद. वरच्या पट्टीत शब्द सुचवलेले दिसतात ते राहू देत, त्यातला हवा तो तुम्ही डोळ्यांनी पाहून निवडाल. पण तुम्ही लिहिलेला शब्द फोनने परस्पर बदलायचा नाही. निदान पहिले दोन महिने तरी नाही. याने वेग कमी होतो, अशी तक्रार येते. होऊ दे. मामांच्या मेसेजला अर्धा मिनिट जास्त लागला असता.

पहिली वेलांटी आधी टाइप करू नका

ही चूक खास आमच्या पिढीची. कचेरीत, कोर्टात, शाळेत ज्यांनी रेमिंग्टनच्या कळपाटावर काम केलं, त्यांची तर हमखास. टाइपरायटर कागदावर जे दिसतं ते डावीकडून उजवीकडे छापत जातो. 'कि'मध्ये ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून आधी वेलांटीची कळ आणि मग क. हाताने लिहितानासुद्धा कित्येकजण आधी वेलांटीचा काना ओढतात. फोन तसा चालत नाही. फोनमध्ये देवनागरी युनिकोड नावाच्या पद्धतीने साठवली जाते आणि तिथे क्रम उच्चाराचा असतो: आधी व्यंजन, मग त्याचा स्वर. क लिहा, मग ि लिहा. वेलांटी आपोआप डावीकडे जाऊन बसते.

उलट केलंत तर दोन प्रकार होतात. वेलांटीला टेकायला व्यंजन मिळालं नाही तर पडद्यावर ठिपक्यांचं एक गोल वर्तुळ उमटतं. माणसं घाबरून विचारतात, फोनला व्हायरस आला का? नाही आला. ती वेलांटी तुमच्याकडे अक्षर मागते आहे. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्यात वर्तुळ दिसत नाही. 'कविता' लिहिताना क झाल्यावर व ऐवजी आधी वेलांटी दिली, तर ती मागच्या क ला चिकटते आणि 'किवता' तयार होतं. फोन काही तक्रार करत नाही.

रफाराचंही तसंच. टाइपरायटरवर 'धर्म' लिहायला ध, म आणि शेवटी वर रफार. फोनवर ध, मग र, मग पाय मोडण्याचं चिन्ह, मग म. र चा पाय मोडला आणि पुढे अक्षर आलं की तो स्वतःच त्याच्या डोक्यावर चढतो.

माझी बोटं वळायला मला सहा महिने लागले. शेवटी जे उपयोगी पडलं तेच सगळ्यांना करायला लावते: शब्द मोठ्याने म्हणा आणि कानाला ऐकू येईल त्या क्रमाने लिहा. क, वि, ता. धर्, म. ओसरीवर दहा-बारा माणसं एकदम असं पुटपुटत बसलेली असतात आणि दर्शनाला आलेले लोक बघत उभे राहतात. बघू देत. एक निवृत्त हेडक्लार्क रोज 'आणि' चुकवायचे. तीन रविवार मोठ्याने म्हणून लिहिल्यावर त्यांची ती चूक गेली ती गेलीच.

बडवू नका, रेटू नका

टाइपरायटरची कळ जोरात मारावी लागते, म्हणून आमची माणसं काचेवरही बोट हाणतात आणि तिथेच धरून ठेवतात. काचेला जोर लागत नाही. बोटाच्या त्वचेतून वीज वाहू शकते, म्हणून बोट जवळ आलं की पडद्यावरचा विद्युतभार तेवढ्या जागी बदलतो आणि फोनला ते कळतं. म्हणून नखाने काही उमटत नाही, आणि भांडी घासून ओल्या हाताने लिहायला बसलात तर अक्षरं भलतीकडेच उमटतात. हात पुसा. फोनही पुसा.

बोट धरून ठेवलं की फोन समजतो, तुम्हाला त्या कळीमागची दुसरी अक्षरं हवी आहेत. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. अक्षर बोट टेकवल्यावर उमटत नाही, उचलल्यावर उमटतं. बोट टेकवलं की ते अक्षर वर मोठं होऊन दिसतं. तेवढं पाहायचं आणि बोट हलकेच उचलायचं. सुरुवातीला एकाच बोटाने लिहा, फोन टेबलावर ठेवा, आणि कीबोर्डची उंची सेटिंगमधून वाढवून घ्या. दोन अंगठ्यांनी भराभर लिहिणाऱ्या नातवाशी बरोबरी नको. तो लहानपणापासून तेच करतो आहे.

प्रत्यय तोडू नका

पट्टीतला शब्द निवडला की फोन त्याच्यापुढे आपणहून जागा सोडतो. मग 'इंदूर ला', 'शाळे त', 'आई ने' असे तुकडे पडतात. हिंदीत 'इंदौर को' सुटं लिहितात, रस्त्यावरच्या पाट्यांवर आपण तेच वाचतो, त्यामुळे डोळ्यांना ते खटकत नाही. मराठीत विभक्तीचा प्रत्यय शब्दाला जोडूनच लिहायचा. शब्द निवडलात तर एकदा मागचं बटण दाबून जागा मिटवा आणि मग 'ला' लिहा. मी तर प्रत्यय लागणारा शब्द पट्टीतून घेतच नाही, अख्खा हाताने लिहिते.

इंग्रजी अक्षरांतून मराठी करणारा कीबोर्ड

तरुणांना हा आवडतो. नव्याने शिकणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजी अक्षरांत ल आणि ळ एकच, न आणि ण एकच, त आणि ट एकच. वेळ की वेल, पाणी की पानी, हे फोन अंदाजाने ठरवतो आणि तुम्ही ते तपासत बसता. शिवाय आपली बाराखडी उभा जन्म पाठ असताना ती आधी इंग्रजीत घालायची आणि मग परत मराठीत आणायची, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? देवनागरी कळपाटावर पहिला आठवडा जड जातो. दुसऱ्या आठवड्यात अक्षरांच्या जागा सापडू लागतात.

बोलून टाइप करणाऱ्यांनाही हेच सांगते. एक गृहस्थ तिसऱ्याच रविवारी म्हणाले, "ताई, बोललं की उमटतं, मग हे कशाला शिकायचं?" ते गेले. पुढच्या महिन्यात परत आले, कारण त्यांच्या माइकची भाषा हिंदी होती आणि त्यांचं मराठी बोलणं फोन हिंदी शब्दांत उतरवत होता. बोलून जरूर लिहा, पण ते दुरुस्त करण्याइतकं टाइपिंग हाताशी असू द्या.

आता भराभर

'दुःख', 'स्वतः', 'अंतःकरण' यांत विसर्ग द्या, इंग्रजी कोलन देऊ नका. दिसायला सारखे दिसतात, पण कोलनने शब्द मधेच तुटतो आणि शोधायला गेलात की सापडत नाही.

'दुसऱ्या', 'साऱ्या' यांतला र वेगळा. खाली टिंब असलेला ऱ घ्या, पाय मोडा, मग य. साधा र घेतलात तर 'र्य' होतो, 'सूर्य'मधला. स्वयंपाकाच्या आचाऱ्यांना बोलवायचं असेल आणि पत्रिकेत 'आचार्यांना' छापलं गेलं, तर अर्थच बदलतो.

'कृपया' लिहा, 'क्रुपया' नको. क नंतर ृ ची मात्रा. हृदयालाही तीच.

वाक्याच्या शेवटी उभा दंड येत असेल तर समजा, तुम्ही पुन्हा हिंदी कीबोर्डावर आहात. मराठीत आपण टिंबाचा पूर्णविराम देतो.

एक मात्रा चुकली म्हणून सगळा शब्द खोडू नका. मागचं बटण एकदा दाबलं की सहसा फक्त शेवटची मात्रा जाते, अक्षर तसंच राहतं. चूक शब्दाच्या मधे असेल तर जीबोर्डावर स्पेसबारवरून बोट डावीकडे सरकवा, कर्सर तिथपर्यंत जातो. आयफोनवर आधी स्पेसबार दाबून धरावा लागतो.

ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात म्हणून जीव जाळू नका. २००९ साली महाराष्ट्र शासनाने वर्णमालेचा निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवला. फोनच्या फॉन्टात मात्र बहुतेक वेळा हिंदी वळणच असतं. अक्षर बरोबरच असतं, ते तसंच राहू द्या.

आणि चुकीचा मेसेज गेलाच, तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत तो दाबून धरून दुरुस्त करता येतो. मामांना मी हे शिकवलं आहे. आता ते मेसेज पाठवतात, चष्मा पुसतात, एकदा मोठ्याने वाचतात आणि मगच फोन खाली ठेवतात.