इटालियनमध्ये वाद्यांबद्दल बोलताना: 'जोकारे' ही चूक कशी सुटली

'मी व्हायोलिन वाजवतो' म्हणायला इंग्रजीतल्या 'प्ले'वरून 'जोकारे' वापरलं की वाक्य फसतं. जोकारे म्हणजे खेळणं. वाद्यासाठी 'स्वोनारे' हवं. इंग्रजी बाजूला ठेवून थेट मराठीतून विचार केला आणि गाठ सुटली. आपल्याकडेही खेळणं वेगळं, वाजवणं वेगळं. शिवाय फोन वाजतो, बेल वाजवतो, गिटार वाजवतो, या तिन्ही ठिकाणी इटालियनमध्येही स्वोनारेच चालतं!

काळातही तेच. 'स्वोनो इल व्हियोलिनो दा त्रे आन्नी', म्हणजे 'तीन वर्षांपासून व्हायोलिन वाजवतो'. मराठीसारखाच साधा वर्तमानकाळ.

वाद्याचं नाव पाठ करताना आर्टिकल (नामाआधी येणारा, लिंग दाखवणारा छोटा शब्द) सोबतच घ्यावं: इल पियानोफोर्ते, ला कितार्रा, लो क्सिलोफोनो, लार्पा (ला + आर्पा, म्हणजे हार्प). नुसतं नाव पाठ केलं तर बोलताना लिंग अडतं. पियानोवादक पुरुष असो वा स्त्री, एकवचनात 'पियानिस्ता'च. फरक अनेकवचनात दिसतो: ई पियानिस्ती, ले पियानिस्ते.

पियानोची पट्टी म्हणजे 'तास्तो'. इथे 'कियावे' म्हणू नये, ती कुलपाची किल्ली किंवा स्वरलिपीतलं क्लेफ हे चिन्ह. तार म्हणजे 'कोर्दा', गज म्हणजे 'आर्केत्तो'. 'पियात्ती' म्हणजे ताटल्या आणि ड्रमसेटच्या झांजाही, संदर्भावरून कळतं.

स्वरांना ए-बी-सी म्हणत नाहीत. इंग्रजी सी म्हणजे दो, ए म्हणजे ला. सगळ्यात घोटाळा 'सी'चा: इटालियन सी म्हणजे इंग्रजी बी. वाद्य सुरात लावण्याआधी 'दाम्मी उन ला' म्हणावं, म्हणजे 'मला ला (हा स्वर) दे'.