घरगुती स्मार्ट ग्रिडचा अभ्यास करताय? आधी पाण्याची वेळ विचारा

घरगुती स्मार्ट ग्रिडचं, म्हणजे स्मार्ट मीटर, छतावरचं सोलर आणि वेळेनुसार दर यांनी जोडलेल्या घरांच्या वीजव्यवस्थेचं मूल्यमापन हा विषय घेणारे बहुतेक विद्यार्थी मीटरपासून सुरुवात करतात. पुण्यात काम करायचं असेल तर मी सांगेन, पहिली चौकशी पाण्याच्या वेळेची करा.

जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली हे नोंदवणारं मीटर) असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत लागू झाली. दुपारी सौर वीज मुबलक असते, म्हणून मागणी तिकडे सरकावी हा त्यामागचा हेतू. कागदावर फार छान. पण धनकवडीतल्या एखाद्या घरात बसून पाहा. पाणी सकाळी येतं, पंप तेव्हाच लागतो. मावशी आठला येतात, त्यामुळे वॉशिंग मशीन त्याआधी लागलेलं असतं. नवरा-बायको दोघं नऊला घराबाहेर पडतात. या घराला सवलतीतलं काय मिळणार? फ्रिजपुरतं. मिळतं ते निवृत्त आजी-आजोबांना, घरून काम करणाऱ्यांना. अहवालात सामाजिक, आर्थिक आणि तांत्रिक अशी तीन वेगळी प्रकरणं पाडली की नेमकी हीच गाठ हातून सुटते.

म्हणून मुलाखतीत ‘तुम्ही वीज वाचवता का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘काल मशीन कधी लावलं, कोणी लावलं, तेव्हाच का?’ असं विचारा. उत्तर शक्यतो घरातल्या बाईकडून घ्या, कारण वेळापत्रक बहुधा तिच्याच हातात असतं. भाडेकरूंना तर अजिबात वगळू नका. गच्ची त्यांची नसते, त्यामुळे सोलरच्या चर्चेत ते कुठेच दिसत नाहीत.

खरी सरकवता येणारी मागणी सोसायटीच्या सामाईक मीटरवर सापडते. जमिनीखालची टाकी पुरेशी मोठी असेल, तर वरच्या टाकीत पाणी चढवायचं काम दुपारी होऊ शकतं. त्याला कमिटीचा एक निर्णय आणि एक टायमर पुरतो.

आर्थिक बाजूला सरासरी दर धरून सोलरचा खर्च किती वर्षांत वसूल होतो ते काढू नका. १ किलोवॉट सोलर दिवसाला साधारण ४ युनिट देतं, पण ते युनिट बिलाच्या कोणत्या टप्प्यातून कमी होतात ते महत्त्वाचं. महिना ४५० युनिटवाल्याचे ३०१ ते ५०० टप्प्यातले महाग युनिट आधी वाचतात, ९० युनिटवाल्याचे स्वस्तातले. छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान दोघांनाही सारखंच मिळतं, तरी फायदा सारखा नसतो. आणि जास्त वापराचे ग्राहक वीज कमी घेऊ लागले, की तारा आणि रोहित्रांचा (ट्रान्सफॉर्मरचा) खर्च उरलेल्यांवर येतो. हा मुद्दा तुमच्या अहवालात असलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तांत्रिक भागासाठी पँडापॉवर किंवा ओपनडीएसएस ही वीजजाळ्याचं मॉडेल करणारी सॉफ्टवेअर शिका, दोन्ही मोफत आहेत. एकाच रोहित्रावर बरीच छतं सोलरची झाली, की कमी मागणीच्या दुपारी वीज उलटी वाहते, व्होल्टेज चढतो आणि सोलरचे इन्व्हर्टर बंद पडतात. सिंगल फेज जोडण्या तीनपैकी एकाच फेजवर गोळा झाल्या असतील तर हे आणखी लवकर घडतं. सगळ्या घरांच्या नुसत्या बेरजेत ते दिसत नाही, फेजनिहाय मॉडेल करावं लागतं.

वाचायला सुरुवात वीज नियामक आयोगाच्या दरनिश्चितीच्या आदेशांपासून करा. कंटाळवाणे वाटले तरी ग्राहकांच्या हरकती त्यातच असतात. पुण्यातल्याच प्रयास ऊर्जा गटाने घराघरांत मीटर बसवून वापराच्या नोंदी घेतल्या आहेत, त्याही पाहा.

मीटरच्या दर पंधरा मिनिटांच्या नोंदींवरून घर कधी रिकामं असतं तेही कळतं. त्यामुळे लेखी संमती घ्या आणि नावं-ग्राहक क्रमांक पहिल्याच दिवशी वेगळे काढा. ते झालं की बिल मागा. मागच्या महिन्यांचा वापर त्यावरच छापलेला असतो. मे महिन्यातला एसी आणि जुलैतलं ढगाळ आभाळ दोन्ही हिशेबात आल्याशिवाय कोणत्याही घराबद्दल निष्कर्ष लिहू नका.