खापरपणजोबांचा माग काढताना या चुका टाळा

गोव्यातल्या आपल्या घराण्याचा इतिहास लिहू पाहणारी मंडळी माझ्याकडे येतात, तेव्हा वंशवृक्ष बहुधा तयारच असतो आणि वरच्या दोन चौकटी तेवढ्या भरायच्या राहिलेल्या असतात. घोळ होतो तो याच घाईने. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवत असल्यामुळे विठ्ठल रघुनाथ, रघुनाथ विठ्ठल, पुन्हा विठ्ठल रघुनाथ अशी माळ शंभर वर्षे चालते आणि नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे मानणारा शोधक मधल्या दोन पिढ्या सहज गिळून टाकतो.

हे मी स्वतः केले आहे. घरातल्या पेटीत एक मोडी कागद होता. त्यावर शक नव्हता, फक्त ‘शार्वरी संवत्सरे, ज्येष्ठ शुद्ध पंचमी’ एवढेच होते. संवत्सराचे नाव साठ वर्षांनी परत येते, त्यामुळे ते वर्ष शके १७६२ म्हणजे इ. स. १८४० असू शकत होते, तसेच शके १८२२ म्हणजे १९००ही. मला १८४० चा पूर्वज हवा होता, खाली विठ्ठलाची सही होती, म्हणून मी तो कागद त्या नावाच्या आजोबा-नातवांपैकी आजोबांच्या नावावर टाकला आणि दोन वर्षे त्याच पायावर कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) मालकीपासून भाऊबंदांच्या वाटणीपर्यंत सगळे रचत गेलो. अखेर मोडी जाणणाऱ्या एका वयोवृद्ध आप्तांनी कागद उलटला आणि खर्चाच्या यादीतल्या एका ओळीवर बोट ठेवले: ‘मुरगांवास आगगाडीचें भाडें’. १८४० साली हिंदुस्थानात आगगाडीच नव्हती आणि मुरगावची तर १८८० च्या दशकातली. कागद नातवाचा होता. तेव्हापासून दुसऱ्या स्वतंत्र कागदाचा आधार मिळेपर्यंत मी साल पेन्सिलीनेच लिहितो.

शक असला तरी सावध असावे. ७८ मिळवून इसवी सन येतो खरा, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात.

हिंदू पूर्वजाचा १८५० चा जन्मदाखला मागत नोंदणी कार्यालयात रांग लावू नये, कारण गोव्यातली नागरी नोंदणी १९१४ पासूनची आहे. त्याचे एखादे अपत्य त्यानंतर वारले असेल, तर त्या मृत्युनोंदीत वडिलांचे नाव शोधावे.

पोर्तुगीज दस्तांतली आडनावे डोळ्यांनी वाचणाऱ्यांना सापडत नाहीत. प्रभूंचे ‘पोरोबो’, कामतांचे ‘कामोतीं’, भटांचे ‘बोटो’ आणि शेणव्यांचे ‘सिनाय’ होते. शिवाय ‘श’ बऱ्याचदा ‘एक्स’ या अक्षराने लिहिलेला असतो. त्यातही एकाच माणसाच्या नावापुढे एका दस्तात ‘सिनाय’ येते, तर दुसऱ्यात नुसते गावाचे नाव लागते. मी प्रत्येक नाव मोठ्याने उच्चारून पाहतो. वाचनालयात लोक वळून बघतात, त्याला इलाज नाही.

देवळाचे आजचे गाव हे पूर्वजाचे मूळ गाव समजू नये. मंगेश कुठ्ठाळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून आणि शांतादुर्गा केळशीहून, अशी ही दैवते सोळाव्या शतकात फोंडा महालात आली. महाजन (देवळाचे वंशपरंपरागत मानकरी) आणि कुळावी (त्या दैवताला कुलदैवत मानणारे) मात्र चहूकडे पांगले. माहेरच्या नावाने न शोधल्यास स्त्रिया सापडत नाहीत. पोर्तुगीजांविरुद्धच्या १८५२ च्या दीपाजी राण्यांच्या बंडात आमचे पूर्वज होते, असे सांगणाऱ्या प्रत्येकाकडे मी कागद मागतो.

आणि कागदाच्या केवळ दर्शनी बाजूचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन येणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि परत पाठवतो. आगगाडीची ती ओळ पाठीवर होती.