घरातून पहिल्या ऑफिसात जाताय? या चुका टाळा

डायनिंग टेबलावर लॅपटॉप, बेडरूममध्ये पॅकिंगचे खोके, जिन्यात रोज कुरिअरवाला. एवढं झालं की धंदा आता घरात मावत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. मग जागा शोधायला सुरुवात होते आणि चर्चा दोनच गोष्टींवर फिरते: भाडं किती, आणि नाशिकच्या कॉलेज रोडला मिळेल का? छोट्या धंद्यांचे हिशेब बघताना दिसतं ते असं, की भाड्याने सहसा कुणी बुडत नाही, कारण तो आकडा पहिल्या दिवसापासून माहीत असतो. दमछाक होते ती न विचारलेल्या गोष्टींनी.

लाईट बिल न बघता टोकन देणं

जागा आवडली की मालकाकडून आधी महावितरणचं शेवटचं बिल मागून घ्या. त्यावर दोन गोष्टी बघायच्या, 'दर संकेत' (वीज घरगुती दराने आहे की व्यावसायिक) आणि 'मंजूर भार' (एका वेळी किती वीज वापरायची परवानगी). गंगापूर रोड, इंदिरानगर भागात फ्लॅटमध्येच ऑफिस थाटण्याची पद्धत आहे. दर घरगुती आणि वापर धंद्याचा असेल, तर विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो. मग आकारणी दुप्पट दराने होते, आणि असा वापर कधीपासून सुरू आहे हे ठरवता आलं नाही तर मागच्या 12 महिन्यांची. "मालक म्हणाले चालतं" हे उत्तर तिथे चालत नाही.

मंजूर भाराचंही तसंच. बिलावर 2 किलोवॅट लिहिलेलं असतं आणि आपल्या डोक्यात दीड टनाचे दोन एसी असतात. त्यातला एकच एसी दीड किलोवॅटच्या आसपास खातो. वर कॉम्प्युटर, प्रिंटर, चहाची किटली. एप्रिलच्या दुपारी एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा स्विच, पडायला लागते आणि कुणीतरी मोठ्या अँपिअरची एमसीबी बसवून देतो. एमसीबी पडायची थांबते, पण भिंतीतली वायर तीच राहते आणि तापत राहते. खरा उपाय म्हणजे वायरिंग तपासून भार वाढवून घेणं. कनेक्शन मालकाच्या नावावर असतं, त्यामुळे अर्जावर सही त्यांची लागते. ती करारापूर्वी मिळवा. चेक वटल्यावर मालक गावाला असतात.

पाचशे फूट म्हणजे नक्की किती?

एजंट सांगतो तो बहुतेक वेळा सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून. टेप घेऊन जा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत आतून मोजा. मग टेबलं कागदावर मांडून बघा, दरवाजा उघडायला जागा उरते का ते पण. भाडं भरायचं ते आत मावणाऱ्या माणसांच्या हिशेबाने.

"11 महिन्यांचं आहे, नोटरी पुरे"

हा गैरसमज नाशिकमध्ये भलताच चिवट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, मुदत 11 महिन्यांची असो वा 36. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागामालकाची आहे. ती ऑनलाइन होते, महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये, स्टॅम्प ड्युटी वेगळी. एवढ्यासाठी घासाघीस करू नये.

करारात मात्र भरपूर घासाघीस करा. डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार का, लॉक-इन (आधी सोडता न येण्याची मुदत) किती, मेंटेनन्स आणि घरपट्टी कुणाकडे, बोर्ड कुठे लावायचा, एसीचं आउटडोअर युनिट कुठे. ताबा घेताना भिंती, फरशी आणि मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून मालकांना त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप करा. सोडताना वाद झाला तर हेच फोटो कामी येतात.

जीएसटीचा विसरलेला भाग

10 ऑक्टोबर 2024 पासून मालक जीएसटीत नोंदणीकृत नसेल आणि तुम्ही असाल, तर व्यावसायिक जागेच्या भाड्यावरचा 18 टक्के कर तुम्हीच भरायचा. कंपोझिशनवाले, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणारे छोटे व्यापारी, पुढे यातून वगळले गेले. 25,000 भाड्यावर 4,500 रुपये, आणि तेही रोख लेजरमधून, म्हणजे जीएसटी पोर्टलवर आधी पैसे भरून. पात्र असाल तर क्रेडिट (पुढच्या करातून वजावट) मिळतं, पण त्या महिन्यात खिशातून जातातच.

जागा बदलली की 15 दिवसांत जीएसटीवर पत्ता बदलायचा. शिफ्टिंग लांबतंय असं वाटलं तर नवी जागा आधी 'अतिरिक्त ठिकाण' म्हणून जोडा. बोर्डावर जीएसटी नंबर हवा, आणि नाव मराठीत, देवनागरीत. खाण्याचे पदार्थ बनवत असाल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना जागेशी बांधलेला असतो, तो खिशात घालून नेता येत नाही.

मुहूर्त आणि इंटरनेट

दसऱ्याला पूजा ठरते, पाहुण्यांना निमंत्रणं जातात, आणि फायबरवाला म्हणतो बिल्डिंगमध्ये आमची केबलच नाही. पूजा मुहूर्तावर जरूर करा, माणसं आणि कॉम्प्युटर लाईन चालू झाल्यावर हलवा. टोकन देण्याआधी शेजारच्या गाळेवाल्याला विचारा कुणाचं नेट चालतं आणि लाईट कधी जाते. तो एजंटपेक्षा खरं सांगतो.

जुन्या नाशकात, सराफ बाजार-भांडी बाजाराकडे, स्वस्त गाळा मिळाला तर गंगापूर धरणातून विसर्ग वाढल्यावर तिथे पाणी कुठवर येतं ते जुन्या दुकानदारांना विचारा, आणि माल खालच्या फडताळात ठेवू नका. पंचवटी आणि रामकुंडाच्या परिसरात 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वण्या (मुख्य स्नानाचे दिवस) आहेत. त्या दिवसांत तिथे टेम्पो जाईल असं धरून चालू नका. डिलिव्हरीवर धंदा असेल तर अंबड, सातपूर किंवा पाथर्डी फाट्याकडची साधी जागा बरी पडते.

आणि घरचं ब्रॉडबँड लगेच तोडू नका. पहिला महिना दोन्हीकडे चालू ठेवा, कारण नव्या ऑफिसात लाईन बंद पडेल ती नेमकी रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी.