उपाहारगृहातील अन्नसुरक्षा: परवान्यापासून कढईपर्यंत

महाराष्ट्रात उपाहारगृह चालवायचे, तर २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना घ्यावाच लागतो. त्यासाठी फॉसकॉस या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर अर्ज करावा आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावून बिलावरही छापावा. खरी कसोटी मात्र रोजच्या भटारखान्यात लागते. गरम पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर व थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावेत. फ्रीजमध्ये शिजलेली भाजी झाकून वरच्या कप्प्यात आणि कच्चे मटण खाली ठेवावे, म्हणजे मटणाचे पाणी भाजीत ठिबकणार नाही. कढईतले तेल काळपट, दाट झाले की त्यात नवे तेल ओतून ते वाढवू नये, कारण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांपुढे गेलेले तेल वापरण्यास मनाई आहे. कामगारांची वैद्यकीय तपासणी दरवर्षी करून घ्यावी.