मला चित्रबित्र येत नाही म्हणणाऱ्यांसाठी: कम्युनिटी स्टुडिओत ओपन संध्याकाळ कशी भरवायची

ओपन संध्याकाळ म्हणजे नक्की काय ते आधी बोलून घेऊ, कारण बरेच लोक इथेच गोंधळतात. हा क्लास नसतो, पुढे उभं राहून कुणी शिकवत नसतं. स्टुडिओचं दार ठरलेल्या वेळात उघडं असतं, टेबलांवर साहित्य मांडलेलं असतं, ज्याला यायचंय त्याने यावं, रंगवावं, फाडावं, चिकटवावं, माती मळावी किंवा नुसतं बघत बसावं आणि वाटलं की उठून जावं. बास. ऐकायला एकदम सोपं वाटतं आणि म्हणूनच लोक तयारी न करता भरवतात, मग दोन-चार सराईत कलाकार कोपऱ्यात मस्त काम करत बसतात आणि बाकीचे भिंतीवरची चित्रं बघून पंधरा मिनिटांत सटकतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की सगळी आखणी त्या माणसासाठी करा जो आत येताक्षणी हात वर करून म्हणतो, "मला चित्रबित्र येत नाही हां, मी आपलं सहज आलोय." ज्याला येतं त्याला तुमची फारशी गरज नसते, त्याला कागद कुठेय एवढं सांगितलं तरी पुरतं. हा दुसरा जो आहे ना, त्याने शाळा सुटल्यापासून ब्रश धरलेला नसतो आणि बहुतेक शाळेतच कुणीतरी त्याला सांगून टाकलेलं असतं की तुझं घोड्याचं चित्र गाढवासारखं दिसतंय.

याने खरंच बरं वाटतं का

हा प्रश्न जागा देणारे पण विचारतात आणि येणारे पण, तेव्हा उत्तर तयार ठेवा. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीत गिरिजा कैमल आणि त्यांच्या टीमने 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, 39 प्रौढांना माती, मार्कर आणि कोलाजचं सामान देऊन 45 मिनिटं हवं ते करायला सांगितलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन. साधारण 75 टक्के लोकांचं ते कमी झालं, आणि आपल्या कामाचा मुद्दा असा की आधी कला केलेली असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. आता हा अभ्यास लहान आहे आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे यावर इमले बांधू नका. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप ऑफिसने कला आणि आरोग्यावर एक मोठा रिपोर्ट काढला, त्यात 3000 हून जास्त अभ्यासांचा आढावा आहे, तो जागेच्या अर्जात सांगायला जास्त भक्कम. पोस्टरवर मात्र "डिप्रेशन घालवा" असलं काहीही छापायचं नाही. "या, दोन तास हाताने काहीतरी करा" एवढं लिहा, खरं पण आहे आणि घाबरवत पण नाही.

वेळ आणि माणसं

दोन तास ठेवा, अडीच झाले तर मदत करणारे दमतात. वार आणि वेळ बदलू नका, महिन्यातून एकदाच जमत असेल तर एकदाच पण ठरलेल्या वारीच, कारण ज्याचं मन ठिकाणावर नसतं तो तुमचे मेसेज वाचत बसत नाही, त्याला "तो वार, ती वेळ" एवढंच लक्षात राहतं. वीसेक लोकांना तीन मदतनीस पुरतात: एक दाराशी, एक टेबलांमधून फिरणारा आणि एक पूर्णपणे मोकळा. मोकळ्या माणसाला काम देऊ नका प्लीज, तो कशासाठी ते पुढे येतंय. दाराशी असलेल्याने फॉर्म भरून घेत बसायचं नाही, पहिलं नाव चिकटपट्टीवर लिहून छातीवर लावलं की झालं, आणि ते पण नको असेल तर नको.

टेबलं (इथे जीव ओता)

येणाऱ्याला काही मागावं लागता कामा नये, हा नियम. "कात्री आहे का हो?" विचारायला पण लाजणारे लोक असतात, ते विचारत नाहीत, उठून जातात. म्हणून प्रत्येक टेबल स्वतःपुरतं पूर्ण असावं.

कागदाकडे आधी बघा. झेरॉक्सचा कागद साधारण 80 जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा जितका मोठा तितका कागद जाड), त्यावर पाणी लागलं की तो फुगतो, वळतो, घासला की लोळ्या निघतात आणि बिचाऱ्या माणसाला वाटतं आपलंच चुकलं. ओल्या रंगांना 200 च्या वरचा कागद द्या, 300 असेल तर झकास. पेन्सिल, कोळसा, ऑइल पेस्टलला 120 ते 160 चालतो. पैसे कमी असतील तर कागद लहान करा, हलका करू नका. छोट्या कागदाचा आणखी एक फायदा, भलामोठा कोरा पांढरा कागद बघून भल्याभल्यांची छाती दडपते, पोस्टकार्डाएवढा तुकडा कुणालाच घाबरवत नाही. काही कागदांवर तुम्हीच आधी पातळ रंगाचा हात मारून वाळवून ठेवा, कोरेपणा मोडला की पहिली रेघ लवकर येते.

एक टेबल कोरडं: कोळसा, ऑइल पेस्टल, जाड मार्कर. खोडरबर ठेवू नका! मुद्दाम सांगतोय, खोडरबर दिसला की लोक काढण्यापेक्षा खोडतात जास्त. एक टेबल ओलं: पोस्टर कलर किंवा वॉटरकलर, थोडेच रंग, पाच-सहा पुरे, कारण चाळीस शेड समोर ठेवल्या की निवडण्यातच अर्धा वेळ जातो. प्रत्येकाला पाण्याचे दोन डबे, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ, नाहीतर पंधरा मिनिटांत सगळं चिखलाच्या रंगाचं होतं. पिण्याचं पाणी या टेबलावर अजिबात नको, लांब ठेवा आणि झाकणाच्या बाटलीत ठेवा, रंगात बुडलेला ब्रश पिण्याच्या ग्लासात जातोच जातो. तिसरं टेबल कोलाजचं, जुनी मासिकं, नकाशे, रंगीत कागद, गोंद, कात्र्या. मासिकांतली पानं आधीच फाडून ठेवा, कारण अख्खं मासिक हातात दिलं की लोक वाचायला लागतात. चित्र येत नाही म्हणणाऱ्याला इथेच बसवा, फाडणं-चिकटवणं यात "येणं" नसतंच.

आणि माती. शक्य असेल तर ठेवाच, मुठीत मावेल एवढे गोळे करून ओल्या फडक्याखाली. माती हातात आली की माणूस विचारायचा थांबतो, दाबायला लागतो, काही बनलं नाही तरी चालतं, परत गोळा करून ठेवता येतो. बोलायचं नसलेल्या लोकांसाठी हे टेबल सगळ्यात उपयोगी आहे असं माझं मत.

टर्पेंटाइन (ऑइल कलर पातळ करायचं द्रव), स्प्रे फिक्सेटिव्ह (कोळशाचं चित्र पुसू नये म्हणून मारायचा फवारा) वगैरे बंद खोलीत आणू नका, वासाने डोकं धरतं आणि दम्याच्या माणसाला खरा त्रास होऊ शकतो. ज्यांच्या बोटांत ताकद कमी आहे त्यांच्यासाठी ब्रशच्या दांड्यांवर फोमची नळी चढवून जाड करा, कागद मास्किंग टेपने टेबलाला चिकटवून द्या म्हणजे एका हाताने काम करता येतं. व्हीलचेअर टेबलाखाली जाते का ते आदल्या दिवशी बघा. मोठा आवाज, झगमगीत दिवे नकोत, गाणी लावायचीच तर बिनशब्दांची आणि हळू.

बसायची मांडणी अशी हवी की बऱ्याच खुर्च्यांवरून दार दिसेल. अडकल्यासारखं वाटलं की लोक पुन्हा येत नाहीत. एक खुर्ची दाराजवळ, टेबलापासून लांब, जो नुसता बघायला आलाय त्याच्यासाठी, आणि त्याला "या ना, बसा ना इकडे" करत ओढायचं नाही. तो येईल, नाहीतर पुढच्या वेळी येईल.

पहिली दहा मिनिटं

भाषण नको. दोन वाक्यं सांगा: इथे काय कुठेय आणि कुणाच्याही चित्रावर न विचारता बोलायचं नाही. मग ज्यांना सुरुवात सुचत नाहीये त्यांना एखादी युक्ती द्या. ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताने काढायला सांगा, म्हणजे वाकडं यायची जबाबदारी हातावर जाते. किंवा समोरच्या वस्तूकडे बघत, कागदाकडे न बघता, पेन न उचलता रेघ ओढायची, दोन मिनिटं, निकाल हमखास विचित्र येतो आणि टेबलभर हसू पिकतं, जे सगळ्यात उत्तम. तिसरी मला सगळ्यात आवडते: एकाने कागदावर डोळे मिटून गिचमीड करायची आणि शेजाऱ्याने तिच्यातून काहीतरी बनवायचं, मग उलट. डोनाल्ड विनिकॉट म्हणून ब्रिटनमध्ये मुलांचे डॉक्टर आणि मनोविश्लेषक होते, ते मुलांशी ओळख करून घ्यायला असाच गिचमिडीचा खेळ खेळायचे. अनोळखी मोठ्या माणसांतही हा चालतो, नाव-गाव-काम न विचारता ओळख होते. पण कुणाला यातलं काहीच नको असेल तर सोडून द्या, युक्त्या जबरदस्तीने केल्या की त्यांचा परत क्लास होतो.

काय बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं

माझ्या मते सगळी संध्याकाळ यावर उभी असते, साहित्य-बिहित्य नंतर.

"हे काय आहे?" हा प्रश्न बंद. तुम्हाला तो साधा वाटतो पण त्याला ऐकू येतं की ओळखू येत नाहीये. "वा, किती सुंदर!" पण शक्यतो नको, हे लोकांना पटत नाही पण ऐका, एकाला सुंदर म्हटलं की शेजारचा लगेच आपल्या कागदाकडे बघतो, आणि ज्याला म्हटलं तो पुढचं चित्र तुमच्यासाठी काढायला लागतो. मग बोलायचं काय? जे दिसतंय ते. "इथे निळा खूप दाबून लावलाय." "बराच वेळ या कोपऱ्यात काम चाललंय तुमचं." एवढं म्हणून थांबा, त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. आणि काळा रंग वापरला म्हणजे माणूस दुःखी, असले अर्थ लावणं तर पूर्णपणे बंद, कधीकधी काळा पेस्टल फक्त जवळ पडलेला असतो.

हे काही नवीन नाही. एडवर्ड अ‍ॅडमसन नावाच्या चित्रकाराने 1946 पासून इंग्लंडमधल्या नेदर्न या मनोरुग्णालयात रुग्णांसाठी स्टुडिओ चालवला, आणि त्यांची पद्धत हीच होती की जागा द्यायची, साहित्य द्यायचं आणि मधे पडायचं नाही. आर्ट थेरपी हा शब्द त्याच्या थोडा आधी, 1942 मध्ये, एड्रियन हिल या चित्रकाराने वापरात आणला, तो स्वतः क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये पडून असताना चित्रं काढत होता. पुढे आर्ट थेरपी हा रीतसर शिक्षण घेऊन करायचा पेशा झाला, तेव्हा तुमच्याकडे ते शिक्षण घेतलेलं कुणी नसेल तर संध्याकाळीला ते नाव देऊ नका.

कुणी रडलं तर

रडतात लोक, हात चालू असला की मन पण चालू होतं. इथे तो मोकळा मदतनीस लागतो. त्याने शेजारी जाऊन बसायचं, हळू विचारायचं की इथेच बसायचंय की शांत कोपऱ्यात, आणि ऐकायचं. सल्ला नको, "सगळं ठीक होईल" नको, चित्र बघून निदान तर मुळीच नको. बाकीच्यांनी आपापलं काम चालू ठेवायचं, खोली गप्प झाली की त्या माणसाला जास्त लाज वाटते. जवळच्या समुपदेशकांचे, हेल्पलाइनचे नंबर छापून खिशात ठेवा, आणि ते चालू आहेत का ते त्याच दिवशी फोन करून बघा.

आणि बोलण्यातून जीव द्यायचा विचार डोकावला तर स्पष्ट विचारा, "आत्महत्येचे विचार येतायत का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे, उलट बऱ्याचदा माणसाला सुटल्यासारखं वाटतं. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, एकटं सोडू नका, आणि लगेच मदत मिळेल अशा जागी जोडून द्या. हे मदतनिसांनी आधी आपापसांत बोलून ठेवलेलं असावं, ऐनवेळी एकमेकांची तोंडं बघायची वेळ येऊ नये.

फोटो

नको. अगदीच हवे असतील तर फक्त चित्रांचे, तेही काढणाऱ्याला विचारून, चेहरे आणि नावाच्या चिकटपट्ट्या वगळून. दारावर तशी पाटी लावा, म्हणजे येणाऱ्यांचे मोबाइल पण खिशात राहतात.

आवराआवर

संपायच्या वीस मिनिटं आधी एकदा सांगा, मग पाच मिनिटं आधी परत. अचानक दिवे लावून "चला, झालं" केलं की अर्धवट राहिलेल्या माणसाला फार लागतं. ज्यांना हात लावायचाय त्यांना आवरायला घ्या, अवघडलेले लोक ब्रश धुताना सगळ्यात जास्त बोलतात. माती कोरड्या झाडूने झाडू नका, तिच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसांना वाईट, ओल्या फडक्याने पुसा. मातीचं पाणी बेसिनमध्ये पण नको, पाइप तुंबतो, बादलीत रात्रभर राहू द्या, गाळ खाली बसतो, मग वरचं ओता. अ‍ॅक्रिलिक वापरले असतील तर ब्रश लगेच धुवा, एकदा वाळले की ब्रश गेला.

दोरी बांधून चिमट्यांनी ओली चित्रं टांगा, पण टांगायची का ते ज्याचं त्याला विचारा. काहीजण फाडून टाकतात, फाडू द्या, त्यांचं आहे ते. सोडून गेलेल्या चित्रांच्या मागे तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी फाइल दाराशी ठेवा, दोन-तीन वेळा कुणी नेलं नाही तर ती पानं कोलाजच्या टेबलावर जातील असं आधीच सांगून ठेवा. आणि कुलूप लावायच्या आधी कुठलं टेबल रिकामं राहिलं, काय संपलं ते वहीत लिहा, पांढरा रंग नेहमी आधी संपतो, तो दुप्पट आणा.