कयाक घेऊन खाडीत मासेमारीला जाताय? आधी तिथी बघा

पुण्यातून ताम्हिणी उतरून दिवेआगर-दिघीकडे कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, छोटी होडी) न्यायची असेल ना, तर शनिवार-रविवार बघून नाही, तिथी बघून निघा. फेब्रुवारी ते एप्रिल सकाळी पाणी मस्त शांत असतं पण दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, आणि त्याच वेळी ओहोटी बाहेर ओढत असेल तर खाडीच्या तोंडाशी उभ्या लाटा होतात, तिथे छोट्या कयाकचं काही खरं नाही. कोकणातला जुना हिशोब सोपाय, तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी म्हणजे ४ ची पाऊणपट ३, म्हणजे भरती ३ ला आणि साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी सकाळी ९ च्या आसपास. मग साडेसहाला सुटायचं, उतरतं पाणीच तोंडाकडे नेतं, तोंडाच्या अलीकडे थांबून जिताडा-तांब माशांसाठी खडकांच्या कडेने गळ टाकायचा आणि चढत्या पाण्याबरोबर ११ च्या आत परत. तृतीयापण चालते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, ओढ जास्त, नवख्यांनी नकोच (तारखेची खात्री तरी भरतीच्या तक्त्यावरून कराच).

लाइफ जॅकेट घालायचं, सीटखाली ठेवायचं नाही. वल्हं दोरीने कयाकला बांधा, माझं एकदा वाहून गेलं आणि मी हाताने पाणी मारत किनाऱ्याला आलो, बघणारे हसत होते.

घरी आलं की गळाच्या रीलवर (दोरा गुंडाळायच्या चकरीवर) गोडं पाणी हलकं सोडा, जोरात फवारा मारलात तर मीठ आत जातं आणि पुढच्या खेपेला हँडल करकरतं.